डोनर एगचं एस्टिमेट मिळालंय, पण हा आकडा नक्की कशाकशाचा? नाशिकमधल्या कुणाला अनुभव आहे का?

द्राक्षवेल_३७

नमस्कार. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, मी ओझरकडे एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब बघते. लग्नाला ११ वर्षं झाली. माझं वय ३७, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) ०.३, म्हणजे फारच कमी. स्वतःच्या बीजांवर दोन आयव्हीएफ झाली. पहिल्या वेळी तीन बीजं मिळाली, एकच गर्भ तयार झाला, तो लागला नाही. दुसऱ्या वेळी अकरा दिवस इंजेक्शनं घेतली आणि पिकअपनंतर, म्हणजे बीजं बाहेर काढल्यावर, मी अजून गुंगीत असतानाच कुणीतरी मिस्टरांना सांगितलं की काहीच मिळालं नाही. ते पैसेही गेले. गेल्या महिन्यात डॉक्टर स्पष्ट बोलले: पिशवी चांगली आहे, अस्तर चांगलं येतंय, बीजं संपत आलीत, डोनर एगचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या बीजाचा, विचार करा.

तो विचार आम्ही केलाय. दोघांनी मिळून केलाय, रडून झालंय, ठरलंय. ‘दत्तक का नाही घेत’ हा प्रश्न कृपा करून इथे नको.

मला विचारायचंय ते पैशांचं. एस्टिमेट म्हणून अर्ध्या पानाचा कागद मिळाला, तो समोर घेऊनच लिहितेय:

डोनर चार्जेस १,२०,०००
इक्सी व लॅब १,१०,०००
ट्रान्सफर ३५,०००
फ्रीझिंग २५,०००
एकूण २,९०,०००
जीएसटी १८ टक्के ५२,२००

म्हणजे ३,४२,२००. (इक्सी म्हणजे लॅबमध्ये बीजात शुक्राणू सोडणं, ट्रान्सफर म्हणजे तयार गर्भ पिशवीत ठेवणं.) त्याखाली पेनाने लिहिलंय, ‘औषधे वेगळी’. बास.

मी रोज बिलं बघते. एक कंटेनर द्राक्षं गेली तर खोक्याचं, पेपरचं, प्री-कूलिंगचं, ट्रकचं, सगळं ओळीओळीने लिहिलेलं असतं. एक लाख वीस हजारांची ओळ नुसती ‘डोनर चार्जेस’ म्हणून आली तर आमचे शेठ सही करणार नाहीत. पण तिथे टेबलापलीकडे बसलेल्या मॅडमना मी एवढंच विचारलं, ‘यात काय काय येतं?’ त्या म्हणाल्या, ‘सगळं पॅकेजमध्ये आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी उठून आले. बाहेर पार्किंगमध्ये मिस्टरांना काय सांगावं तेच कळेना.

आमच्याकडे १ लाख ६० हजारांची एफडी आहे. बाकी सोसायटीतून कर्ज काढायचं किंवा माझी पोत मोडायची. पैसे उभे करू, त्याची तयारी आहे. पण साडेतीन म्हणून सुरुवात करायची आणि मधेच कुणी सांगायचं की आता अजून ऐंशी भरा, हे मला झेपणार नाही. दोनदा झालंय तसं.

आणि एक गोष्ट मनात आहे, ती कुणापाशी बोलले नाही. ते एक लाख वीस हजार त्या बाईला मिळतात का? तिला किती मिळतात? तिचं काही बरंवाईट झालं तर कोण बघतं?

ज्यांनी केलंय त्यांनी खरे आकडे सांगा. क्लिनिकची नावं नकोत, फक्त हिशेब.

पंचवटी_एक्स्प्रेस

ताई, आधी एकच विचारा: बीजं फ्रेश की फ्रोझन? आम्ही विचारलंच नाही. शेवटी बीजं पुरवणाऱ्या बँकेतून फ्रोझन सहा बीजं आली, वितळवल्यावर त्यातली चारच टिकली. पैसे सहाचेच. बाकीचं इथले जाणकार सांगतीलच. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.

निफाडची_सून

अगं, तू लिहिलंस ते वाचताना मला माझाच कागद दिसला. आमचं २०२३ साली झालं, नाशिकलाच. मुलगी आता पायरीवर धरून धरून चढते. सांगायचं एवढ्यासाठी की शेवट असा गोडही होतो. आता हिशेब.

मी वही ठेवली होती. शाळेची दोनशे पानी वही, तिच्या मागच्या पानापासून. आमचं पॅकेज २,६०,००० चं होतं. वहीतली बेरीज ३,९४,००० झाली. मधले १ लाख ३४ हजार कुठे गेले ते सांगते, म्हणजे तुला कळेल कुठे बोट ठेवायचं.

ट्रान्सफरआधी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पिशवी बघून घेतली, त्याचे २८,०००. पॅकेजमध्ये नव्हतं. आम्हा दोघांच्या रक्ताच्या तपासण्या १४,०००. माझी औषधं ३१,०००, आणि ही ओळ नीट समजून घे. आपल्याला डोनरसारखी बीजं वाढवायची इंजेक्शनं नसतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपला खर्च काय असणार. पण अस्तर वाढवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या, मग ट्रान्सफरच्या आधीपासून प्रोजेस्टेरॉन, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की ते सगळं तसंच पुढे चालू. आपलं अंडाशय या खेळात नसतंच, त्यामुळे वार (प्लासेंटा) पुरेशी तयार होईपर्यंत बाहेरूनच द्यावं लागतं. मला जवळजवळ तीन महिने चाललं. ‘औषधे वेगळी’ या दोन शब्दांत ते तीन महिने असतात. त्यांना विचार: नुसत्या ट्रान्सफरपर्यंतची औषधं किती आणि पॉझिटिव्ह आल्यावर बाराव्या आठवड्यापर्यंतची किती? दोन वेगळे आकडे लिहून माग.

पहिलं ट्रान्सफर लागलं नाही. बीटा (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी) आली ती पाचच्या खाली, म्हणजे निगेटिव्ह. त्या दिवशी मी मुंबई नाक्यावर रिक्षात बसले आणि घरचा पत्ता आठवेना. असो. गर्भ फ्रीझ होते म्हणून दुसऱ्यांदा डोनर लागली नाही, पण दुसऱ्या ट्रान्सफरचे ४५,००० वेगळे पडले. पॅकेजमध्ये एकच ट्रान्सफर होतं आणि ते आम्हाला दुसऱ्या वेळी काउंटरवर कळलं. तुझ्या कागदावर ट्रान्सफर ३५,००० लिहिलंय. ते एकाचं का? फ्रोझनचं असेल तर तेवढंच का? उरलेले गर्भ ठेवायचं वर्षाचं भाडं किती? माझ्याकडून पहिलं वर्ष झाल्यावर १०,००० घेतले. तुझे २५,००० किती महिन्यांचे, तेही विचार.

उरलेले सहा हजार एसटीचे, नाश्त्याचे. निफाडहून सोनोग्राफीसाठी दर तीन दिवसांनी. सोनोग्राफी मात्र पॅकेजमध्ये होती, ते खोटं बोलणार नाही.

अजून एक, पैशांचं नाही पण पैशांवर जातं. डोनर एगवर दिवस राहिले की बीपी वाढायचा धोका जास्त असतो, मला डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. सातव्या महिन्यात वाढलंच. दोनदा अॅडमिट झाले. तेव्हा सगळी शिल्लक ट्रान्सफरवर संपवू नकोस. एफडीतला थोडा भाग बाळंतपणासाठी बाजूला ठेव, हात लावू नकोस.

पोत मोडू नकोस ग. मी मोडली. परत करायचं अजून जमलेलं नाही, आणि सोनं कुठल्या कुठे गेलं.

द्राक्षवेल_३७

वहिनी, मी वही आणली. मागच्या पानापासूनच सुरू केलीय.

मुंबईनाका_काउंटर

मी काही वर्षं एका आयव्हीएफ सेंटरच्या बिलिंगला होते, आता ते काम सोडलंय. ही एस्टिमेटं मी स्वतः टाइप केली आहेत, म्हणून लिहिते.

आधी ते ५२,२०० रुपये. आयव्हीएफसारख्या उपचारांना आरोग्यसेवा म्हणून जीएसटीतून सूट आहे. त्याबद्दल शंका होती म्हणून केंद्राने ३ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढून स्पष्ट केलं. परिपत्रकाचा क्रमांक १७७. क्लिनिकच्या उपचारावर १८ टक्के लावलेले दिसले तर शांतपणे विचारा, कोणत्या सेवेवर लावलाय ते लिहून द्या. औषधांचं वेगळं, त्यांच्या एमआरपीत कर असतोच.

आता डोनर चार्जेस एवढे का. २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, २०२२ च्या जानेवारीत लागू झाला. त्याआधी एकाच बाईची बरीच बीजं काढून ती दोन जोडप्यांत वाटली जायची आणि खर्चही वाटला जायचा. तीच बाई पुन्हा पुन्हा यायची. आता डोनरचं वय २३ ते ३५ लागतं, ती आयुष्यात एकदाच देऊ शकते, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत आणि एका डोनरची बीजं एकाच जोडप्याला द्यायची. म्हणजे तिच्या सगळ्या तपासण्या, इंजेक्शनं, भूल, पिकअप, सगळा भार तुमच्या एकट्यावर येतो. खर्च वाढायचं खरं कारण हे आहे, आणि माझ्या मते तो नियम बरोबर आहे. मी आधीचे दिवस बघितलेत.

दुसरं. डोनर क्लिनिकने आणायची नाही. नोंदणी झालेल्या एआरटी बँकेनेच तिची निवड आणि तपासणी करायची. तेव्हा त्या एक लाख वीसमध्ये बँकेचं बिल किती आणि क्लिनिकचं किती, हे वेगळं मागा, आणि बँकेचा नोंदणी क्रमांकही. कुणी म्हणालं ‘आमचा माणूस बाई आणून देतो, स्वस्तात होईल’, तर तिथून उठा. स्त्रीबीजाची विक्री हा गुन्हा आहे आणि उद्या अडचणीत तुम्हीही याल.

तिसरं, तुम्ही शेवटी विचारलंत ते. डोनरच्या नावाने १२ महिन्यांचा आरोग्य विमा काढायचा असतो, आणि तो काढायची जबाबदारी तुमची, म्हणजे उपचार घेणाऱ्या जोडप्याची असते. बीजं काढताना किंवा नंतर काही गुंतागुंत झाली तर तिचा सगळा खर्च भागेल एवढ्या रकमेचा. त्याबद्दल तुम्हाला प्रतिज्ञापत्रही करावं लागतं. बरीच जोडपी ते न वाचता सही करतात, मी करून घेतल्या आहेत. पॉलिसीचा हप्ता कशात धरलाय ते विचारा. तिची ओळख तुम्हाला कळणार नाही, ती गुप्तच ठेवायची असते, पण विमा निघालाय याची खात्री मागण्यात गैर काही नाही.

आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर चालत नाही. उपचाराचा खर्च, यशाची शक्यता आणि धोके समजावून सांगणं हे कायद्यानेच क्लिनिकवर टाकलेलं काम आहे. सकाळी ओपीडीच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी तीननंतर जा, काउन्सेलरची वेळ घेऊन जा, प्रश्न लिहून न्या. लिहून आणलेल्या माणसाला काउंटरवरचा माणूस टाळू शकत नाही.

त्रिमूर्तीचौक

मी इथे कधी लिहीत नाही. माझ्या नणंदेसाठी हे पान वाचत होते. द्राक्षवेल ताई, तुम्ही ‘त्या बाईचं कोण बघतं’ विचारलंत म्हणून लिहिते.

मी ती बाई आहे. तुमची नाही, दुसऱ्या कुणाची. २०१८ सालची गोष्ट. सिडकोत भाड्याने राहायचो, मिस्टरांची कंपनी बंद पडली होती, धाकटा दोन वर्षांचा. शेजारच्या ओळखीने एक बाई आली. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, एक दिवस दवाखाना, काही त्रास नाही म्हणाली. ठरले ३५ हजार. हातात आले २२. बाकीचं तिचं, गाडीभाडं, जेवण, असं काहीबाही सांगितलं.

इंजेक्शन पोटावर घ्यायचं. सकाळी मुलाला डबा भरून द्यायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन घ्यायचे, घरात सासूला माहीत नव्हतं. आठव्या दिवसापासून साडीची निरी पोटावर बसेना. किती बीजं काढली ते मला कुणी सांगितलं नाही. नर्स आपसात बोलताना एकवीस आकडा ऐकला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोट ढोलकीसारखं फुगलं, श्वास लागेना, लघवी कमी झाली. त्या बाईचा फोन बंद. मिस्टरांनी रात्री रिक्षाने नेलं, दोन दिवस सलाइनवर होते. नऊ हजार बिल झालं, ते त्या बावीसमधून गेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अंडाशय जास्त उत्तेजित झालं की पोटात पाणी साठतं, वेळेवर आणलंत. माझ्याकडे एक कागद नव्हता दाखवायला, कुठलं औषध घेतलं त्याचा.

राग तुमच्यावर नाही ताई. ज्यांना माझं दिलं त्यांच्यावरही नाही. त्यांना माझं काहीच माहीत नसणार. त्यांचं मूल झालं असेल तर आता शाळेत जात असेल. कधीतरी मनात येतं, चांगलं असू दे.

सातच काढायची हा नियम वरच्या ताईंनी सांगितला, मला माहीत नव्हता. सात आणि एकवीस, माझ्या पोटाने दोन्हीतला फरक सोसलाय. तुम्हाला कुणी म्हणालं की थोडे जास्त पैसे द्या, जास्त बीजं काढून देतो, तर नको म्हणा. आणि तो विमा खरंच काढा.

निफाडची_सून

त्रिमूर्तीचौक, तुमचं वाचून मी दाराबाहेर जाऊन बसले. आमच्या वेळी मी तिच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. वहीत तिची ओळच नाही. विम्याच्या कागदावर सही केली असणार, आठवतही नाही.

तुम्ही आता कशा आहात? पाळी वगैरे नीट?

त्रिमूर्तीचौक

ठीक आहे सगळं. पाळी दोन महिने पुढेमागे झाली, मग बसली. मुलं मोठी झाली. मिस्टर आता सातपूरला कामाला आहेत.

द्राक्षवेल_३७

उशिरा आलेय, माफ करा. शनिवारी दुपारी तीनला गेलो. मिस्टरांनी हाफ डे टाकला. प्रश्न वहीत लिहून नेले होते, अठरा. काउन्सेलर मॅडम वेगळ्या होत्या, तरुण. त्यांनी वही बघितली आणि दार लावून घेतलं. पाऊण तास बसलो.

काय कळलं ते लिहिते, पुढच्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

जीएसटी काढला. मी परिपत्रकाचा क्रमांक सांगितला, त्यांनी आत फोन लावला, दहा मिनिटांनी नवीन प्रिंट आली, त्यात ती ओळ नव्हती. वाद झाला नाही. पण मी विचारलं नसतं तर ५२ हजार गेले असते, हे मला अजून पचत नाहीये. आमच्या घराचं सात महिन्यांचं भाडं आहे ते.

डोनर चार्जेसचे तुकडे करून मागितले. बँकेचं ८५,०००, त्यात तिच्या तपासण्या, औषधं आणि विमा. पिकअप आणि भूल क्लिनिकची, ३५,०००. बीजं फ्रेश असतील, जास्तीत जास्त सात, सगळी आमचीच. गर्भ किती होतील ते सांगता येत नाही म्हणाल्या, एकही झाला नाही तर काय, तर लॅबचे पैसे परत मिळत नाहीत. हे ऐकून मिस्टरांचा चेहरा उतरला. पण निदान आधी ऐकलं.

ट्रान्सफर एकाच वेळचं. दुसरं लागलं तर ४०,०००. फ्रीझिंग सहा महिन्यांचं. माझी औषधं ट्रान्सफरपर्यंत १२ ते १५ हजार, पॉझिटिव्ह आलं तर त्यापुढे अजून २० धरा म्हणाल्या. वहिनी, तुमच्या वहीशी जवळपास जुळलं.

म्हणजे २,९०,००० पॅकेज, ३५,००० औषधं, आणि दुसऱ्या ट्रान्सफरचे ४०,००० मी आत्ताच धरले. ३,६५,०००. पहिल्या कागदापेक्षा आकडा मोठा आहे, तरी मला काल रात्री झोप लागली. एफडीतले १ लाख मोडायचे, ६० तसेच ठेवायचे बाळंतपणासाठी. बाकी सोसायटीचं कर्ज. आमच्या सासूबाई दिंडोरीहून आल्यात, त्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही, पण ‘दवाखान्याला लागतील’ म्हणून त्यांनी कांद्याचे ४० हजार मिस्टरांच्या हातात दिले. पोत गळ्यातच आहे.

त्रिमूर्तीचौक ताई, शेवटचं तुमच्यासाठी. नवीन प्रिंटमध्येही बँकेच्या ओळीत नुसतंच ‘डोनर चार्जेस’ होतं. मी म्हटलं, विमा यात आहे तर तसं लिहा. सिस्टिममध्ये तशी ओळ येत नाही म्हणाल्या. मग मी माझं पेन काढलं आणि ८५,००० च्या खाली लिहिलं: ‘डोनरचा आरोग्य विमा, १२ महिने, यात समाविष्ट. बीजे ७ पेक्षा जास्त नाहीत.’ त्यांनी वाचलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग शेजारी सही करून शिक्का मारला. पॉलिसी निघाली की नाव झाकून झेरॉक्स दाखवते म्हणाल्या. कागद वहीत चिकटवलाय.

पाळी आली की दुसऱ्या दिवशी बोलावलंय.